संगणकाच्या पडद्यावरील मोडकें अक्षर

ठाणें-बेलापूर रस्त्याच्या दुतर्फा एके काळीं रासायनिक कारखान्यांचीं धुराडींच काय तीं प्रवाशाच्या नजरेंत भरत. सन १९७० मध्यें सिडको ही संस्था स्थापन झाली, खाडीपलीकडे नवी मुंबईची आंखणी सुरू झाली, आणि पुढील कांहीं दशकांत त्याच पट्ट्यांत, ऐरोली, महापे, वाशी, बेलापूर या भागांत, संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. तेथें बसून लिहिलेले प्रोग्रॅम परदेशांतील बँकांचे व विमा-कंपन्यांचे हिशेब बिनबोभाट ठेवतात. मात्र त्याच शहरांतील एखाद्या कचेरीच्या खिडकीपाशीं ज्योत्स्ना या नांवाच्या बाईची नोंद मराठींत करण्याची वेळ आली, कीं तें नांव कधीं अर्धवट उमटतें, तर कधीं नांवाच्या जागीं दहा प्रश्नचिन्हें ओळीनें उभीं राहतात. असें कां व्हावें, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानें या दोषाचें मूळ कसें शोधावें, हा या भाषणाचा विषय आहे.

हा प्रश्न धंद्यांतील माणसांपुरताच आहे, असें कोणीं समजूं नये. शाळेचा दाखला, मिळकतीचा उतारा, निवृत्तिवेतनाची नोंद, या सर्वांवरील नांव अक्षरशः एक असावें लागतें. एका कागदावर ‘ज्योत्स्ना’ व दुसऱ्यावर ‘ज्योत्’ असें छापलें गेलें, तर त्या दोघी एकच आहेत हें सिद्ध करण्याचा भार त्या बाईवर येऊन पडतो. प्रतिज्ञापत्र तिनें करावयाचें, रजा तिनें काढावयाची, खेटे तिनें घालावयाचे; आणि चूक कोणाची, तर तिनें जन्मांत न पाहिलेल्या एखाद्या प्रोग्रॅमरची.

येथें विचार करावयाचा तो टेबलावरील संगणकावर प्रत्यक्ष बसविल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमांचा. कारकुनाच्या खिडकीपाशीं, छापखान्यांत, दवाखान्याच्या नोंदणीच्या टेबलावर असे प्रोग्रॅम आजहि वर्षानुवर्षें चालू असतात. असा प्रोग्रॅम लिहिणारा माणूस संगणकाच्या स्मृतींतील जागा पुष्कळदां स्वतःच मोजून देतो, आणि बहुतेक दुखण्यांचा उगम या मोजण्यांत असतो.

संगणकाच्या लेखीं अक्षर म्हणजे चित्र नव्हे, संख्या. युनिकोड या नांवाची जी जागतिक सारणी १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झाली, तींत देवनागरीच्या मुख्य विभागास १२८ जागा नेमून दिल्या आहेत. आतां ज्योत्स्ना हेंच नांव घ्यावें. लिहिणाऱ्या हाताला त्यांत दोनच अक्षरें दिसतात: ‘ज्यो’ आणि ‘त्स्ना’. संगणकाला मात्र तीं दहा चिन्हें आहेत: ज, त्याचा पाय मोडणारें हलन्ताचें चिन्ह, य, ओकार, त, पुन्हा हलन्त, स, आणखी एक हलन्त, न, आणि शेवटीं काना. हीं दहा चिन्हें यूटीएफ-८ पद्धतीनें साठविलीं तर प्रत्येकीं तीन, म्हणजे एकंदर तीस बाइट लागतात. विंडोजच्या पोटांत चालणाऱ्या यूटीएफ-१६ पद्धतीनें प्रत्येकीं दोन, म्हणजे वीस. इंग्रजी लिपींत तेंच नांव सात अक्षरांत आणि सात बाइटांत आटोपतें. दोन, दहा, वीस आणि तीस, हीं चारहि उत्तरें बरोबर आहेत. ‘या नांवाची लांबी किती?’ असा प्रश्न प्रोग्रॅमरनें केला आणि कोणती लांबी हें सांगितलें नाहीं, कीं तेथेंच रोगाचें बीज पडलें म्हणून समजावें.

समजा, नांवासाठीं वीस बाइटांची जागा राखलेली आहे. इंग्रजी नांवांवर चाचणी घेणाऱ्याला ती ऐसपैस वाटते. त्या जागेंत यूटीएफ-८चीं सहा चिन्हें पुरतीं मावतात, म्हणजे ‘ज्योत्’पर्यंत मजल जाते. सातव्या ‘स’चे दोन बाइट आंत येतात व तिसरा दाराबाहेर राहतो. असा लंगडा ‘स’ कोणालाच वाचतां येत नाहीं, म्हणून संगणक त्याच्या जागीं एक विद्रूप चिन्ह काढतो. पुष्कळजण उपाय म्हणून तें विद्रूप चिन्ह तेवढें पुसून टाकण्याची तजवीज करतात. याहून वाईट उपाय नाहीं. कारण आतां ‘ज्योत्’ हें कोणाला तरी खरें नांव वाटूं शकतें, आणि दोषाची एकुलती एक खूण नाहींशी होते. जागा वाढवावी हें तर खरेंच. परंतु तरीहि नांव मावलें नाहीं, तर तें मुकाट्यानें न कापतां प्रोग्रॅमनें कारकुनास तसें स्पष्ट सांगावें, आणि कापणें अपरिहार्यच असेल तर पुऱ्या अक्षराच्या सीमेवर कापावें.

अनुभवी वैद्य औषधाच्या आधीं लक्षणें पाहतो. पडद्यावरील मोडक्या मराठीचीं लक्षणेंहि अशींच बोलकीं आहेत. अक्षरांच्या जागीं रिकामे चौकोन दिसले, तर बहुधा मजकूर शाबूत आहे. वापरलेल्या फॉन्टमध्यें देवनागरीचीं चित्रें नाहींत इतकेंच. इंग्रजी लिपीचें पहिलें अक्षर डोक्यावर तिरकस रेघ घेऊन पुन्हा पुन्हा येत असेल, तर यूटीएफ-८ मध्यें लिहिलेली फाइल कोणी पश्चिम युरोपच्या जुन्या सारणीप्रमाणें वाचीत आहे. तीच फाइल योग्य रीतीनें वाचली कीं मराठी जशीच्या तशी परत येते. मात्र ती बिघडलेल्या रूपांत पुन्हा जतन करण्याची घाई करूं नये. ठिपक्यांचें वर्तुळ घेऊन एखादी वेलांटी एकटीच उभी असेल, तर चिन्हांचा क्रम चुकला आहे, अथवा मात्रेला आधार देणारें व्यंजन हरवलें आहे.

प्रश्नचिन्हांची गोष्ट निराळी. तेथें बिघाड दिसण्याचा नसतो, नाशाचा असतो. विंडोजच्या पुष्कळशा आज्ञांचीं दोन रूपें आहेत. जुनें रूप त्या त्या संगणकावर नेमलेल्या प्रादेशिक सारणीवर विसंबून चालतें, नवें युनिकोडवर. त्या जुन्या प्रादेशिक सारण्यांपैकीं मराठीसाठीं अशी एकहि कधीं नेमलेली नव्हती. त्यामुळें मराठी मजकूर चुकून जुन्या वाटेनें गेला, कीं ज्या चिन्हाला जागा नाहीं त्याच्या ऐवजीं प्रश्नचिन्ह ठेवलें जातें. दहा वेगवेगळ्या चिन्हांचें दहा वेळां तेंच प्रश्नचिन्ह होतें. तें फाइलींत लिहिलें जाऊन मूळ नोंद पुसली गेली, तर जगांतील कोणताहि कुशल माणूस ती परत आणूं शकत नाहीं. त्या दहा प्रश्नचिन्हांतून ज्योत्स्ना निघेल, तशी दहा चिन्हांची दुसरी कोणीहि निघेल! विंडोज १०च्या २०१९ मधील एका आवृत्तीपासून, जुन्या रूपाच्या आज्ञांनींहि यूटीएफ-८ वापरावें असें प्रोग्रॅमला जाहीर करतां येतें. ही सोय चांगली आहे, परंतु आधीं लिहिलेल्या प्रोग्रॅमांस ती आपोआप मिळत नाहीं. कोणाला तरी ते उघडून पाहावे लागतात.

मग दोष नक्की कोठें झाला हें कसें ठरवावें? की-बोर्डापासून कागदापर्यंत नांवाचा प्रवास लांबचा असतो: की-बोर्डावरून स्मृतींत, स्मृतींतून फाइलींत, फाइलींतून पुन्हा स्मृतींत, तेथून पडद्यावर व छपाईच्या यंत्रावर. नवशिका प्रोग्रॅमर पडद्याकडे पाहून पडद्याचीच दुरुस्ती करूं लागतो. जाणता मनुष्य वाटेच्या मध्यावर जाऊन उभा राहतो, म्हणजे फाइल उघडून तींतील बाइट नुसत्या संख्यांच्या रूपानें वाचतो. फाइल यूटीएफ-८ची असून आरंभीं २२४, १६४, १५६ या संख्या असतील, तर ‘ज’ तेथवर सुखरूप पोंचला. दोष पुढच्या वाटेवर आहे. तेथें ६३ ही संख्या दिसली, तर तें प्रश्नचिन्ह होय, आणि दोष मागें शोधावा. मग उरलेल्या अर्ध्या वाटेच्या पुन्हा मध्यावर उभें राहावें. अशा रीतीनें चार-पांच थांब्यांत चोर सांपडतो. एक सावधगिरी मात्र हवी. दोष हुडकण्यासाठीं जी डीबगरची खिडकी वापरतात, तिलाहि मराठी दाखवितां येईलच असें नाहीं, आणि विंडोजच्या जुन्या काळ्या आज्ञा-खिडकीला तर जोडाक्षरें जुळवितांच येत नाहींत. साक्षीदारच तोतरा असला म्हणजे आरोपीवर ठपका ठेवतां येत नाहीं. म्हणून संख्या पाहाव्यात.

संख्या शाबूत आणि चित्र मोडलेलें, असेंहि पुष्कळदां होतें. कांहीं प्रोग्रॅमर एकेक चिन्ह सुटें काढून त्यांच्या रुंदींची बेरीज करतात. इंग्रजीला हें चालून जातें. ‘स्थिती’ हा शब्द असा काढला, तर ‘स’चा पाय मोडलेला उघडा दिसतो आणि पहिली वेलांटी ‘थ’च्या मागें जाऊन पडते, कारण ती लिहावयाची डावीकडे, पण साठवावयाची व्यंजनानंतर. यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे सबंध ओळ अक्षरजुळणी करणाऱ्या यंत्रणेच्या स्वाधीन करणें. या कामाला मुंबईचा हात लागलेला आहे. नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था १९८५ सालीं मुंबईंत स्थापन झाली, २००३ सालीं ती सी-डॅकमध्यें विलीन झाली, आणि सी-डॅकच्या मुंबई शाखेचें एक केंद्र बेलापूर-खारघरच्या बाजूस आहे. कवि व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनीं या संस्थेशीं संबंध असतांना देवनागरी फॉन्टांचें जें काम केलें, त्यांतील ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोज २००० बरोबर घरोघर पोंचला. याच संस्थेच्या ‘इंडिक्स’ या प्रकल्पानें लिनक्सच्या बाबतींत निराळा विचार केला: प्रत्येक प्रोग्रॅममध्यें मराठीची वेगळी सोय करण्याऐवजीं पडद्यावर अक्षर काढणाऱ्या तळच्या थरांतच ती करावी. पुढें लिनक्सवर इतर यंत्रणा रूढ झाल्या, पण दुरुस्ती कोणत्या थरांत करावी, याची ती समज आजहि मोलाची आहे.

याउलट जें मोडलेलें दिसत नाहीं, पण निराळें आहे, त्याचा त्रास अधिक. समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ आणि डोंगरांमधल्या ‘दऱ्या’ हा भेद मराठीनें काळजीनें जपला आहे. ‘दऱ्या’मधील ती लहानशी बांकदार रेघ युनिकोडमध्यें दोन तऱ्हांनीं लिहितां येते: ‘ऱ’ हें वेगळें चिन्ह व त्याला हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त व पाठोपाठ एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही एकच, संगणकाला दोन. ‘ॲ’ या अक्षराला तर २००८ सालच्या ५.१ या आवृत्तीपर्यंत स्वतंत्र जागाच नव्हती. तोंवर लोक ‘अ’वर अर्धचंद्र चढवून काम भागवीत. त्यामुळें जुन्या नोंदींतील आडनांव नव्या की-बोर्डानें शोधलें, तर तें यादींत समोर असतांहि ‘सांपडलें नाहीं’ असें उत्तर मिळतें. म्हणून नांव साठवितांना व शोधतांना दोन्ही रूपें एकाच रूपांत आणावींत, आणि तें काम प्रोग्रॅममध्यें एकाच ठिकाणीं करावें. यादीच्या क्रमाचेंहि असेंच आहे. केवळ संख्यांच्या क्रमानें लावलें तर ‘ळ’ हा ‘ल’च्या शेजारीं बसतो, मराठी वर्णमालेंत त्याची जागा ‘ह’नंतर, आणि ‘क्ष’ व ‘ज्ञ’ अगदीं शेवटीं. मराठीचा स्वतःचा क्रम नियम म्हणून घालून द्यावा लागतो.

राहतां राहिला जुना वारसा. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं ‘श्री-लिपि’सारख्या फॉन्टांवर कित्येक छापखाने व कचेऱ्या चालल्या. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसविलेले असत; फॉन्ट काढून घेतला, कीं उरतो तो इंग्रजी अक्षरांचा निरर्थक पसारा. अशा फाइलींचें युनिकोडमध्यें रूपांतर करतांना प्रत्येक फॉन्टाची सारणी निराळी हवी. शिवाय दिसण्याच्या क्रमानें आधीं लिहिलेली वेलांटी सबंध जोडाक्षर ओलांडून पुढें न्यावी लागते, आणि अक्षरानंतर लिहिलेला रफार उलट मागें आणावा लागतो. ‘निर्मिती’ हा एकच शब्द या दोन्ही हालचाली एकदम करावयास लावतो. रूपांतराची चाचणी घेण्यास त्याहून सोयीचा शब्द क्वचितच सांपडेल. रूपांतर झालें तरी मूळ फाइल पुसूं नये, आणि ज्या फॉन्टानें ती लिहिली गेली त्याची प्रत व नांव तिच्याशेजारींच ठेवावें. कारण रूपांतरांतील चूक पुष्कळदां कित्येक वर्षांनीं, कोणाचा तरी दाखला छापतांना उघडकीस येते.