बहाराच्या पैशातून म्हातारपणाचा हप्ता



मोहगाव, सौंसर, पांढुर्णा भागात संत्र्याचा बगीचा कसा विकला जातो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. व्यापारी येतो, झाडांमधून फिरून मालाचा अंदाज घेतो, सौदा जमला की इसार देतो आणि तोड झाली की उरलेली रक्कम. वर्षाची कमाई अशी एकरकमी हातात पडते. मग सोसायटीचं कर्ज, कृषी केंद्राची उधारी, पोरांची फी, घरातलं लग्न. सगळ्यांचा वाटा निघतो. आपल्या म्हातारपणाचा तेवढा निघत नाही.

बोरगावच्या कारखान्यात भविष्य निर्वाह निधी लागू असलेल्या कामगाराच्या पगारातून म्हातारपणासाठी 12 टक्के आधीच कापले जातात आणि मालकालाही आपला वाटा भरावा लागतो. कॅनडातही पेन्शनसाठी 1966 पासून पगारातून अशीच कपात होते. तिथला शेतकरीही त्यातून सुटत नाही. त्याला मालक नाही, म्हणून आयकराचं विवरण भरताना तो दोन्ही वाटे स्वतः भरतो. आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे शेतकऱ्याच्या पैशातून म्हातारपणासाठी सक्तीनं बाजूला काढणारं कोणी उरत नाही. ते काम त्यानं स्वतःच करायचं आहे.

त्यासाठी दोन सरकारी योजना नीट समजून घ्या. पहिली अटल पेन्शन योजना, 2015 पासून सुरू असलेली. वय 18 ते 40, बँकेत किंवा पोस्टात बचत खातं, आणि तुम्ही आयकर भरणारे नसावेत. वयाच्या 60 वर्षांनंतर महिन्याला 1000 ते 5000 रुपये पेन्शन मिळते. पाच हजारांच्या पेन्शनसाठी अठराव्या वर्षी सुरुवात केली तर हप्ता महिन्याला 210 रुपये. तिसाव्या वर्षी 577. चाळिसाव्या वर्षी 1454. हिशेब करून पाहा. अठराव्या वर्षी सुरू करणारा साठीपर्यंत एकूण 1 लाख 5 हजार 840 रुपये भरतो, चाळिसाव्या वर्षी सुरू करणारा 3 लाख 48 हजार 960. पेन्शन दोघांना सारखीच! खातेदाराच्या पश्चात तेवढीच पेन्शन पतीला किंवा पत्नीला मिळते, आणि दोघांनंतर जमा रक्कम वारसाला. हप्ता सहामाहीही ठेवता येतो. ज्यांचा पैसा बहाराला येतो, त्यांनी तोच ठेवावा.

दुसरी, प्रधानमंत्री किसान मानधन योजना. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या, 18 ते 40 वयाच्या शेतकऱ्यांसाठी. वयानुसार महिन्याला 55 ते 200 रुपये तुम्ही भरायचे, तेवढेच केंद्र सरकार भरतं. साठीनंतर महिन्याला 3000 रुपये. किसान सन्मान निधीच्या पैशातूनही हा हप्ता वळता करता येतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या पेन्शनची रक्कम ठरलेली आहे. महागाईबरोबर ती वाढत नाही. आजच्या पाच हजारांत जे येतं, ते तीस वर्षांनी येणार नाही. म्हणून एवढ्यावर विसंबू नका, जमेल तशी वेगळी बचतही ठेवा. पण औषधाच्या गोळ्यांसाठी आणि किराण्यासाठी दर महिन्याला मुलाकडे हात पसरावा लागू नये, एवढा आधार यातून नक्की होतो.

खातं उघडलं की हप्त्याच्या तारखेला त्यात पैसे आहेत ना, ते पाहा. वारसाचं नाव लावा. आणि घरच्या बाईचं खातं तिच्या नावानं वेगळं उघडा. बगीच्यात तीही तेवढीच राबते.

यंदा इसार हाती आला की आधार कार्ड आणि पासबुक घेऊन बँकेत जा. अठरा-वीस वर्षांच्या पोरापोरींना सोबत न्या. त्यांचा हप्ता सगळ्यात कमी बसतो.