हिवाळ्यात शेतावरच्या कुत्र्याची निगा



गाय, बैल, शेळी, कोंबडी यांच्या निगेबद्दल आपण या कार्यक्रमातून नेहमी ऐकता. आज मात्र ज्याची फारशी कुणी विचारपूस करीत नाही, अशा आपल्या एका सोबत्याबद्दल बोलणार आहे. तो म्हणजे शेतावरचा कुत्रा. खळ्यावरचे भात, मळ्यातली भाजी, गोठ्यातली वासरे आणि अंगणातली पोरे, या सगळ्यांची राखण तो शिळ्या भाकरीच्या मोलावर करतो. हिवाळा आला की आपण गुरांवर गोणपाट टाकतो, कोंबड्यांच्या खुराड्याला पडदा लावतो. कुत्र्याला मात्र आपण गृहीत धरतो.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, आमच्याकडे थंडी असते तरी किती? खरे आहे. मीरा रोडला नया नगरच्या इमारतीत राहणारा माणूस हिवाळ्यात फार तर पंख्याचा वेग कमी करतो. पण तिथून चेणे, वरसावे या डोंगराकडच्या पाड्यांवर गेलात, किंवा उत्तन-डोंगरीच्या मोकळ्या शेतात पहाटे उभे राहिलात, तर अंगाला वारा झोंबतो. आणि नाशिक जिल्ह्यात निफाडच्या बाजूला तर पारा एक आकडी होतो. तेव्हा जिथे जशी थंडी, तशी निगा. मात्र हिवाळ्यात कुत्र्याला थंडीपेक्षा मोठे धोके तीन आहेत : बिबट्या, उंदराचे विष आणि पिसाळ रोग. ते आपण ओघाने पाहू.

निवारा

कुत्र्याच्या अंगाचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त असते. गावठी कुत्र्याची केसाळी तोकडी, त्यामुळे ही ऊब टिकवायला त्याला आडोसा लागतो. आडोसा नसला की तो काय करतो? विझत्या शेकोटीच्या राखेत शिरतो, नाहीतर नुकत्या थांबलेल्या ट्रॅक्टरखाली जाऊन झोपतो. राखेखाली निखारा असला तर पोटाची कातडी भाजते. आणि सकाळी न बघता ट्रॅक्टर चालू केला तर काय होते, ते सांगायला नको. म्हणून शेकोटी विझवताना पाणी मारा आणि गाडी हलवण्यापूर्वी एकदा खाली वाकून बघा.

खोकी, जुन्या फळ्या यांचे घर घरच्या घरी होते. मध्यम गावठी कुत्र्याला साडेतीन फूट लांब, अडीच फूट रुंद आणि अडीच फूट उंच एवढी जागा पुरे. फार मोठे घर अंगाच्या उबेने तापत नाही. तळाला चार विटा लावून ते जमिनीपासून वर घ्या, म्हणजे ओल लागणार नाही. हिवाळ्यात पहाटेचा वारा आपल्याकडे जमिनीवरून, पूर्व-ईशान्येकडून येतो आणि सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून घराचे तोंड दक्षिणेला ठेवा. आत भाताचा कोरडा पेंढा अंथरा. आठ दिवसांनी पेंढा बदला आणि घर उन्हात तापू द्या. गोचिडी फटींतच अंडी घालतात, तेव्हा फटी लिंपून घ्या.

खाणेपिणे

उघड्यावर राखण करणाऱ्या कुत्र्याला कडक थंडीत नेहमीपेक्षा पाव हिस्सा जास्त खाणे द्या. किनारपट्टीला याची गरज नाही. कुत्र्याच्या बरगडीवरून हात फिरवा. बरगड्या हाताला लागाव्यात, पण लांबून दिसू नयेत, ही साधी खूण. नुसती भाकरी पुरत नाही. तिच्याबरोबर वरण, ताक, एखादे अंडे किंवा माशाचे तुकडे द्या. सुकट देणार असाल तर आधी धुऊन तिचे मीठ काढा. शिजवलेल्या कोंबडीची हाडे देऊ नका, ती फुटून टोकदार होतात आणि आतड्यात रुततात. कांदा, लसूण आणि द्राक्षे कुत्र्याला विषारी आहेत. नाशिककडच्या बागाईतदारांनी छाटलेले घड कुत्र्यापुढे टाकू नयेत. थंडीत कुत्रा पाणी कमी पितो, म्हणून सकाळी कोमट पाणी ठेवा. मिठागराजवळ राहणाऱ्यांनी तर गोड पाण्याचे भांडे कधी रिकामे ठेवू नये, नाहीतर तो खारे पाणी पितो आणि आजारी पडतो.

फिरणे आणि काम

थंडीत कुत्रा सुस्तावतो. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा तर आणखी बिघडतो. त्याचे सांधे आखडतात, अंग सुटते आणि स्वभाव चिडका होतो. मग तो घरच्या पोरावरच धावून जातो. म्हणून सूर्य वर आल्यावर अर्धा-पाऊण तास आणि दिवस मावळण्यापूर्वी तेवढाच वेळ त्याला बरोबर घेऊन बांधावरून फिरा. तुमची पिकाची पाहणी होते, त्याची हालचाल होते. म्हाताऱ्या कुत्र्याला दोन वेळा थोडे थोडे फिरवा, पळवू नका. वेळ नसेल तर दोन खांबांना वीस-पंचवीस फूट तार ताणा, तारेत कडी घाला आणि साखळी त्या कडीला अडकवा. कुत्रा तारेच्या कडेने मोकळा धावतो. ही सोय फक्त दिवसाची, बरं का. गळ्याच्या पट्ट्यात दोन बोटे सहज जायला हवीत.

कापणीनंतर भाताच्या धसकटांनी पंजे चिरतात. संध्याकाळी पंजे उलटून बघा. जखम असेल तर कोमट मिठाच्या पाण्याने धुवा आणि कोरडी करा.

बिबट्या

आता पहिला मोठा धोका. आपल्या शेजारी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथल्या बिबट्याच्या खाण्यात कुत्र्याचा वाटा मोठा आहे. जुन्नर, अकोलेकडे तर उसातच बिबट्याचा मुक्काम असतो. अकोले तालुक्यात विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या विष्ठेवरून तो काय खातो, हे त्यांनी पाहिले. वजनाच्या हिशेबाने त्याच्या आहारात ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला आणि शेळ्यांचा फक्त ११ टक्के. गंमत अशी, की त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या. मग असे का? कारण सोपे आहे. शेळी रात्री बंद गोठ्यात असते आणि कुत्रा उघड्यावर. यातच उपायही आला. शेळीला जे देतो, तेच कुत्र्याला द्या.

एका शेतकरीदादांनी मला विचारले, "साहेब, कुत्रा कोंडला तर राखण कोण करणार?" अहो, कुत्रा राखण करतो ती नाकाने आणि कानाने. जाळीच्या आत असला तरी त्याला वास येतो आणि तो भुंकतो. त्याचे भुंकणे ऐकून उठणे हे आपले काम. साखळीला बांधून उघड्यावर ठेवलेल्या कुत्र्याला मात्र पळताही येत नाही. तो बिबट्याला दिलेले आमंत्रणच ठरतो, आणि एकदा अंगणात सावज मिळाले की बिबट्या पुन्हा त्या अंगणाची वाट धरतो. अंगणात आपली पोरेही असतात, हे विसरू नका.

म्हणून दिवस मावळला की कुत्रा आत. पिंजऱ्याला मजबूत जाळी बाजूंनी लावा, तशी वरूनही लावा, कारण बिबट्या चढतो. हिमालयातले गद्दी मेंढपाळ बिबट्यापासून नरडे वाचावे म्हणून आपल्या कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी पट्टा घालतात. पण आपल्याला बंद दाराइतका खात्रीचा पट्टा नाही. उष्टे-खरकटे, कोंबडीची आतडी घराजवळ टाकू नका. त्यावर मोकाट कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. बिबट्या दिसल्यास त्याच्या मागे लागू नका. वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा. विष घालणे किंवा फासे लावणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या फाशात आधी आपलाच कुत्रा अडकतो.

उंदराचे विष

रब्बीत उंदीर वाढले की आपण झिंक फॉस्फाईडचे आमिष वापरतो. हे आमिष बांधावर उघडे टाकू नका. बिळात खोल घालून तोंड मातीने बंद करा. मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा, कारण तेही कुत्रा खातो. त्या तीन-चार दिवसांत कुत्रा मोकळा सोडू नका. विषबाधा झाली तर कुत्रा ओकतो, अस्वस्थ होतो आणि तोंडाला लसणासारखा वास येतो. तो वास हुंगू नका, तो वायू माणसालाही घातक आहे. दूध, तूप, तेल काहीही पाजू नका. त्याने विष अंगात लवकर भिनते. विषाचे पाकीट बरोबर घ्या आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. पशुधनासाठी १९६२ हा मोफत क्रमांक आहे, तिथेही सल्ला मिळतो.

त्याचप्रमाणे, खरूज झाली म्हणून जळके ऑइल, रॉकेल चोपडू नका आणि गोचिडीसाठी पिकाचे कीटकनाशक लावू नका. कुत्रा अंग चाटतो, तेव्हा ते सगळे पोटात जाते. औषध डॉक्टरांकडूनच घ्या.

पिल्ले आणि लस

पावसाळ्यानंतर कुत्र्या वितात, त्यामुळे ऐन थंडीत पिल्ले लहान असतात. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही. आईला आणि पिल्लांना कोरडी, बंद जागा द्या. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. पिल्लांना आंघोळ घालू नका. जंताचे औषध आणि इतर लसी डॉक्टरांना विचारून द्या.

तीन महिन्यांचे झाले की पिसाळ रोगाची लस टोचा. पुढची मात्रा डॉक्टर सांगतील तशी आणि मग दरवर्षी चुकवू नका. पिसाळ रोगाची लक्षणे दिसू लागली की त्याला औषध नाही, माणसालाही नाही आणि कुत्र्यालाही नाही. कुत्र्याचा आवाज बदलला, लाळ गळू लागली, जबडा लोंबू लागला, तो दिसेल त्याला चावू लागला, तर जवळ जाऊ नका.

कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा. चुना, मिरची, हळद यातले काही भरू नका. मांत्रिकाकडे जाण्यात वेळ घालवू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, लस तिथे मोफत मिळते. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेत आणखी एक इंजेक्शन द्यावे लागते. आणि सगळ्या मात्रा पुऱ्या करा. दोन घेतल्या, बरे वाटले, म्हणून तिसरी सोडली, असे करू नका.

शेवटी हिशेब करून बघा. चार विटा, जुन्या फळ्या, भारा दोन भारे पेंढा, थोडी जाळी आणि वर्षाला एक लस, एवढाच हा खर्च. त्यावर वर्षभर पीक, गुरे आणि घरची माणसे राखली जातात. आज संध्याकाळी अंधार पडण्यापूर्वी आपला कुत्रा कुठे झोपतो, ते एकदा जाऊन बघा, आणि उद्या त्याच्या दाराला कडी बसवा.