पोतोसी : चालू खाणीत पाहुणे म्हणून

बोलिव्हियाच्या भागानंतर सगळ्यात जास्त प्रश्न आले ते पोतोसीच्या खाणीबद्दल. तिथे खरंच टुरिस्टला आत नेतात का? आणि जावं का? नेतात. मी जाऊन आले. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका वाक्यात येत नाही, म्हणून आजचा भाग.

पोतोसी शहरच सुमारे 4000 मीटर उंचीवर आहे. एक जिना चढलं तरी धाप लागते. शहराच्या उशाशी सेरो रिको, म्हणजे ‘श्रीमंत डोंगर’. 1545 साली इथे चांदी सापडली आणि स्पेनच्या राजाचं नशीब उघडलं. 1570च्या दशकात ‘मिता’ नावाची वेठबिगार बसवली गेली : आसपासच्या मुलखातल्या गावांतून माणसं पाळीपाळीने खाणीत आणायची. अमेरिकेतली पुष्कळ चांदी पुढे युरोपमार्गे आपल्याकडे आली, सुरतेच्या टांकसाळीत वितळून तिचे रुपये पडले. 1664 साली शिवाजी महाराजांनी सुरतेहून जे धन आणलं, त्यात या डोंगराची थोडी तरी चांदी असणार, असं मला फार वाटतं.

हा सगळा इतिहास शहरातल्या जुन्या टांकसाळीत नीट मांडलेला आहे. पण खाण म्हणजे संग्रहालय नाही हो. तिथे आजही काम चालतं. 1985 मध्ये कथलाचा भाव कोसळला, सरकारी खाणींतून हजारो माणसं घरी गेली, आणि डोंगरातलं बहुतेक काम सहकारी संस्थांकडे आलं. ‘सहकारी’ म्हटलं की आपल्याला साखर कारखाना आठवतो. इथे तसलं काही नाही. बऱ्याच जणांना ठरलेला पगारच नाही. जेवढा माल निघेल आणि विकला जाईल, तेवढी कमाई. चांदीचा जोर ओसरलाय, जस्त आणि शिसं जास्त निघतं.

टूर सुरू होते कामगारांच्या बाजारात. आमचा गाइड आधी स्वतः खाणीत होता. त्याने सांगितलं, आत कोणाच्या घरी जाताय असं समजा, रिकाम्या हाताने जायचं नाही. मग कोकाची पानं घ्यायची, थंड पेयाच्या बाटल्या, सिगारेटी. त्याच टपरीवर डायनामाइटची कांडी आणि वात मिळते, किराणा मागावा तशी! 96 टक्क्यांचं अल्कोहोलही मिळतं.

आत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं थंडी, मग वाकून चालणं, मग उकाडा. धूळ घशात बसते. याच धुळीने इथल्या माणसांना सिलिकोसिस होतो, फुप्फुसं निकामी होत जातात. आम्ही दोन तासांत बाहेर येणार होतो. एका बाजूच्या बोगद्यात ‘तिओ’ बसलेला. शिंगं असलेली मातीची मूर्ती, तोंडात सिगारेट, पुढ्यात कोकाची पानं. तिओ म्हणजे स्पॅनिशमध्ये काका, मामा, जे म्हणाल ते. वर देवाचं राज्य, खाली याचं. बाईमाणूस खाणीत उतरलं की अपशकुन, ही तिथली जुनी समजूत. स्थानिक बायका बाहेर, टाकून दिलेल्या दगडांच्या ढिगांत धातू निवडत बसतात. मला टुरिस्ट म्हणून आत सोडलं. हे जरा विचित्रच वाटलं मला.

मग ओरडा झाला आणि गाइडने आम्हाला भिंतीला चिकटवलं. रुळांवरून दगडांनी भरलेली गाडी आली, दोघं ढकलत होते, दोघं ओढत होते. आमच्यामुळे ती थांबली असती तर पुन्हा हलवायला किती जोर लागला असता! परत येताना ती रिकामी होती, तेव्हा एकजण थांबला. गालात पानांचा तोबरा. मी गाइडकरवी विचारलं, आम्ही बघायला येतो ते आवडतं का? तो म्हणाला, बाटली आणली असेल तर आवडतं. आणि हसला. मी बाटली दिली. त्याने अर्धी प्यायली, अर्धी मागच्याला दिली, आणि दोघं गाडी घेऊन गेले. फोटो काढायचं मला सुचलं होतं, पण हात वर गेला नाही.

तर जावं का? दम्याचा त्रास असेल, बंद जागेची भीती असेल तर मुळीच नको. हा डोंगर शतकानुशतकं पोखरलेला आहे, माथा खचतोय. 2014 पासून युनेस्कोच्या धोक्यातल्या वारशांच्या यादीत पोतोसी आहे. टूरमध्ये सुरक्षेची हमी कोणी देत नाही. बाकीच्यांनी जायचं असेल तर जा, पण गाइड पूर्वीचा खाणकामगार आहे का, आणि टूरच्या पैशातलं काही त्या संस्थेला जातं का, हे आधी विचारा. पर्यटकांना गंमत म्हणून डायनामाइट उडवून दाखवणारे असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. रविवारी गेलात तर खाण बहुतेक रिकामी असते. काहींना ते बरं वाटतं. मला विचाराल तर मग टांकसाळच बघा.

आणि दारू नेऊ नका, थंड पेयं न्या. दोन-चार जास्तच घ्या.

पुढच्या भागात उयुनीचं मिठाचं मैदान. भेटू.