‘नाहीं’ आणि ‘दिसत नाहीं’

विंडोज प्रणालीच्या संगणकांत ‘रजिस्ट्री’ नांवाचें एक दप्तर असतें. १९९२ सालच्या विंडोज ३.१ मध्यें तें लहानशा रूपांत आलें व १९९५ च्या विंडोज ९५ पासून त्याचा पसारा वाढला. त्यांतील ‘की’ म्हणजे खातें आणि ‘व्हॅल्यू’ म्हणजे खात्यांतील नोंद. प्रोग्राम येथें येऊन आपली नोंद मागतो. ती न मिळाल्यास त्यानें काय करावें, एवढाच आजचा विषय.

दप्तराचें उत्तर आंकड्यांत येतें. ० म्हणजे काम झालें. २ म्हणजे अशी नोंद सांपडत नाहीं. ५ म्हणजे ती पाहण्याचा तुम्हांस अधिकार नाहीं. २३४ म्हणजे नोंद आहे, परंतु तुम्हीं आणलेलें भांडें तिला अपुरें पडतें. हीं उत्तरें भिन्न असतां घाईचा प्रोग्रामर ० वगळून बाकी सर्वांचा अर्थ एकच करतो : ‘नाहीं’.

त्यांतून अनर्थ कसा होतो पाहा. हिशेबाच्या एखाद्या प्रोग्रामनें आपल्या वह्यांचें ठिकाण रजिस्ट्रींत लिहून ठेवलें आहे. एके दिवशीं अधिकार बदलतात आणि उत्तर येतें ५. प्रोग्राम समजतो, आपण या यंत्रावर नवखे आहों. आणि कोरी वही उघडतो. जुन्या वह्या सुखरूपच असतात. पण धनी सर्वस्व बुडालें असें मानतो, आणि नव्या नोंदी भलत्याच वहींत पडूं लागतात.

म्हणून प्रत्येक उत्तराला उपाय निराळा. २३४ आल्यास किती जागा लागेल हेंही दप्तरच सांगतें. तेवढें भांडें घेऊन पुन्हां मागावें. ५ आल्यास थांबावें व धन्यास स्पष्ट सांगावें. २ आल्यास ठरीव मूल्य वापरावें. मात्र आपण योग्य जागीं पाहिलें ना, हें आधीं तपासावें. कारण ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचा प्रोग्राम यंत्राच्या सामाईक ‘सॉफ्टवेअर’ शाखेंत गेला, तर प्रणाली त्याला मुकाट्यानें ‘वाउ६४३२नोड’ या वेगळ्या दालनांत नेते. डॉट नेटमध्यें तर खातें नसल्यास तक्रारही होत नाहीं. हातीं केवळ ‘नल’ येतो, आणि तो न तपासतां पुढें गेलेला प्रोग्राम पुढच्याच ओळींत कोसळतो.

शेवटीं एक साधी शिस्त. अपयश आलें कीं कोणतें खातें मागितलें व कोणता आंकडा मिळाला, हें दोन्ही टिपून ठेवावें. दुरुस्तीस येणाऱ्या माणसाला ‘चूक झाली’ या दोन शब्दांपेक्षां तो एक आंकडा अधिक उपयोगी पडतो.