घरचा टीव्ही आणि गावचा मांडव



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही जणांनी मनाशी म्हटले असेल, की हा गृहस्थ आता तासभर तारा आणि डबे यांचे वर्णन करीत बसणार. तारा आणि डबे येणार आहेत, हे मी आधीच कबूल करतो. परंतु ज्या कारणासाठी ते येणार आहेत, ते कारण आपल्या घरातलेच आहे.

दिवाळी सरली, की आपल्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा मंडई आणि दंडार, रात्री नाटक. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत हा हंगाम जवळजवळ होळीपर्यंत चालतो. वडसा येथल्या नाटकमंडळ्या गावोगाव जातात; रात्री वर गेलेला पडदा पहाट झाल्यावाचून खाली येत नाही. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकीही जुळतात. तथापि प्रत्येक घरात एखादी आजी असते, जिचे गुडघे तिला रात्रभर मांडवात बसू देत नाहीत. आणि एखादा मुलगा असतो, जो पुण्याला कामावर आहे व ज्याला रजा मिळालेली नाही. मांडवात चाललेले नाटक या दोघांना त्याच घटकेला घरच्या टीव्हीवर दाखविता येईल काय? येईल. कसे, ते प्रथम पाहू. आणि दाखवावे काय, हा अधिक अवघड प्रश्न मागाहून घेऊ.

कॅमेऱ्यापुढचे चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी. आजच्या साधारण चांगल्या चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात; आणि अशी पंचवीस चित्रे दर सेकंदाला. प्रत्येक ठिपक्याचा रंग शून्य-एकाच्या अंकांत लिहू गेल्यास सेकंदाला सुमारे १२४ कोटी अंक होतात. एवढा लोंढा आपल्या तारेत मावणार नाही. म्हणून यंत्र एक युक्ती करते. मागचा पडदा हलत नाही, हलतो तो राजाचा हात. तेव्हा पडदा पुन्हा पुन्हा न पाठविता हाताचा फरक तेवढा ते पाठविते. या हिशेबाची एच.२६४ नावाची रीत २००३ साली ठरली. तिने तो लोंढा सुमारे पन्नास लाख अंकांवर येतो, म्हणजे अडीचशेवा भाग.

आता हा प्रवाह घरी पोचला. पण तो थेट टीव्हीत सोडता येतोच असे नाही. येथे आपल्या मामा तलावांची आठवण होते. पाऊस कधी धो धो पडतो, कधी दडी मारतो. धानाला मात्र पाणी नियमाने लागते. म्हणून आपल्या पूर्वजांनी आभाळ आणि बांधी यांच्या मध्ये तलाव घातला, आणि त्याच्या पाळीत पाणी सोडण्यासाठी तुडूम बसविले. मीडिया सर्व्हर म्हणजे घरातला असाच एक तलाव. एखादा जुना संगणकही या कामास पुरतो. इंटरनेटवरून येणारा प्रवाह तो पोटात घेतो, थोडा साठवितो आणि घरातल्या जाळ्यावरून टीव्हीला एकसारखा सोडतो. घरात तीन संच असले, तरी बाहेरून प्रवाह एकदाच घेऊन तिघांना वाटता येतो.

त्याचे दुसरे काम दुभाष्याचे. पोवारी, गोंडी, छत्तीसगढी आणि हिंदी ज्या जिल्ह्यात एका बाजारात ऐकू येतात, तेथे दुभाष्याचे महत्त्व सांगावयास नको. कॅमेरा एका रीतीने चित्र लिहितो, आजीचा जुना टीव्ही दुसरीच रीत वाचतो. सर्व्हर चालता चालता एकीचे दुसरीत भाषांतर करतो. त्यासाठी संगणकाला पुष्कळ राबावे लागते. अशक्त यंत्र असेल, तर चित्र अडखळते.

साठवणुकीची किंमतही मोजावी लागते. प्रवाह काही सेकंदांच्या तुकड्यांनी येतो, आणि दोन-तीन तुकडे हाती आल्याखेरीज टीव्ही चित्र सुरू करीत नाही. त्यामुळे विनोदी नटाच्या वाक्यावर मांडव हसतो, आणि घरातली आजी वीस-तीस सेकंदांनी हसते. घर मांडवाजवळ असेल, तर तिला आधी शेजारचे हसू ऐकू येईल आणि मग विनोद.

ही कल्पना काही मोठ्या कारखानदाराच्या डोक्यातून निघालेली नाही. पॅरिसच्या एकोल सांत्राल या विद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ च्या सुमारास आपल्या वसतिगृहांत संगणकाच्या तारांवरून चित्रप्रवाह नेण्याचा उद्योग आरंभिला. त्यातून व्हीएलसी हा कार्यक्रम निघाला आणि २००१ साली तो सर्वांना खुला झाला. आज जेलीफिनसारखा सर्व्हरही कोणालाही फुकट मिळतो. १९७२ साली मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेव्हा चित्र फक्त वरून खाली येत होते. आता ते गावाकडूनही निघू शकते. मोठा फरक आहे तो हा.

परंतु येथेच सावध झाले पाहिजे. नाटक गावचे मंडळ ठरविते, कंपनीला रक्कम देते आणि तिकिटांतून ती उभी करते. मांडव रिकामा राहिला, तर पुढल्या वर्षी नाटक नाही. नाटक नाही, तर नट नाही, पेटीवाला नाही, पडदे रंगविणारा नाही. ज्या रंगभूमीवरील सेवेसाठी परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती रंगभूमी सरकारी अनुदानावर उभी नाही, या चार आण्या-आठ आण्यांच्या हिशेबावर उभी आहे. कोणी खिशातला फोन उंच धरून सगळे नाटक जगाला फुकट वाटू लागला, तर तो आजीची सेवा करीत नसून पाळ फोडीत असतो.

कायदाही हेच सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताच्या प्रयोगावरील हक्काला जागा मिळाली, आणि २०१२ साली तो हक्क अधिक स्पष्ट झाला. संमतीवाचून प्रयोगाचे चित्रण करणे वा तो थेट प्रसारित करणे हा त्या हक्काचा भंग आहे. लेखकाचा हक्क याहून निराळा.

मग करावे काय? माझी सूचना साधी आहे. मंडळाने कंपनीशी करार करताना त्यातच एक कलम घालावे: प्रसारण होईल काय, किती घरांना, आणि त्याचा वाटा कोणाला. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आणि परगावच्या मुलांसाठी घरचे तिकीट काढावे. ज्याने ते घेतले, त्याच्या सर्व्हरला परवलीचा शब्द द्यावा. तुडुमाची किल्ली गावाच्या हाती असावी. मात्र एका संगणकावर साऱ्या तालुक्याची तहान भागणार नाही. दोनशे घरांना प्रवाह द्यायचा, तर पन्नास लाख गुणिले दोनशे, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी अंक बाहेर गेले पाहिजेत. ते गावच्या तारेला झेपणार नाही, मोठ्या वितरकाचा आधार घ्यावा लागेल. म्हणून सुरुवात वीस-पंचवीस घरांपासून करावी.

आणि ज्याचे गुडघे धड आहेत, त्याने मांडवातच यावे. शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून, थंडीत घोंगडी पांघरून पाहिलेले नाटक कोणताही सर्व्हर साठवू शकत नाही. तलाव घातला, म्हणून आभाळाकडे पाहणे कोणी सोडले नाही. पाऊस पडला, तरच तलाव भरतो.