टेप आमच्या हातात आली त्याची गोष्ट
(महिला शिबिरात वनहक्क समितीतल्या बायांनी मिळून केलेल्या भाषणाचे टिपण)



मघाशी एका दादांनी चिठ्ठी पाठवली. त्यात लिहिलंय, "बाया समितीत पुढे आल्या हे चांगलं आहे, पण त्यामुळे बाईपण कमी होतं का? आणि बाईपण ठेवलं तर लोक मान देतात का?" चिठ्ठी वाचून आम्ही हसलो. पण हे आम्हाला पाड्यावर रोज ऐकावं लागतं, कधी तोंडावर, जास्त करून पाठीमागं. म्हणून आज त्यावरच बोलतो. पाच जणींचं मिळून हे बोलणं आहे, एकटीचं कुणाचं नाय.

आमच्या गावात वनहक्क समिती झाली तेव्हा आमची नावं कशी पडली ते आधी सांगतो. नियमात आहे की समिती 10 ते 15 जणांची, आणि त्यात एक तृतीयांश तरी बाया पाहिजेत. ग्रामसेवकानं ते वाचून दाखवलं. मग गडबड उडाली, "बायांची नावं सांगा, बायांची नावं सांगा." आम्ही पाच जणी विहिरीवरून येत होतो, आमची नावं लिहिली. निवडून आलो म्हणायला हरकत नाय, पण खरं ते हे असं आहे.

पहिले सहा महिने रजिस्टर आमच्या घरी यायचं. पोरगा शाईचा डबा घेऊन दारात उभा, "मावशी, अंगठा द्या." आम्ही भाकरीच्या पिठाचे हात पुसायचो आणि अंगठा द्यायचो. कशावर दिला ते माहीत नाय. एकदोनदा मीटिंगला बोलावलं तेव्हा चहाची भांडी आमच्याकडं आली. पुरुषांना वाईट म्हणत नाय, त्यांना तेच माहीत होतं. आम्हाला पण तेच माहीत होतं.

मग मोजणी सुरू झाली. जीपीएस यंत्र आलं, टेप आली. आमच्यातल्या एकीनं ठरवलं की मान पाहिजे तर पुरुषासारखं वागायचं. मोठ्यानं बोलायचं, दम द्यायचा, बांधावर उभं राहून बोट दाखवायचं. दोन पाड्यांवर तिनं तसं केलं. लोकांनी काय नाव ठेवलं माहीत आहे? "जमादारीण आली." फॉरेस्टच्या जमादाराला घाबरून आमच्या आज्या कोंबड्या द्यायच्या, तेच नाव आमच्या बाईला पडलं. बाया तर तिच्याशी बोलायच्याच बंद झाल्या. मान मिळाला म्हणावं तर मिळाला, पण तो भीतीचा. तसला मान आम्ही जमादाराचा बघितलाय, तो वळला की लोक थुंकतात.

दुसरीनं उलटं केलं. पदर डोक्यावर, नजर खाली, "दादा म्हणतील ते." सगळे म्हणाले, बाई किती चांगली. आणि त्याच मोजणीत एका घराचा वरचा तुकडा राहून गेला. कसा, ते नीट ऐका, कारण तुमच्याकडं पण हे होणार आहे.

घरधनी पुढं चालत होता, यंत्रवाला पोरगा मागं. घरधन्यानं काय दाखवलं? खालची खाचरं. कारण नांगर त्याच्या हातात असतो आणि नांगर खाचरात चालतो. वरच्या उतारावर वरई, नागली, खुरासणी होते. तिथं पातेरा डोक्यावर नेऊन राब कोण करतं? बेणणी कोण करतं? बायको. त्या वर्षी तो तुकडा पडीक ठेवला होता, म्हणून घरधन्याला आठवला पण नाय. बायको मागून म्हणाली, "वरचं राहिलं." तो म्हणाला, "तू गप." आमची समितीतली बाई तिथं उभी होती, ती पण गप राहिली. चांगली बाई ना!

रात्री तिला झोप लागली नाय. सकाळी आम्हा सगळ्यांना घेऊन ती परत गेली. यंत्रवाला कुरकुरला. आम्ही म्हटलं, बाबा, चहा घे, पण परत चाल. या वेळी घरधनीण पुढं चालली. प्रत्येक कोपऱ्यावर ती थांबायची, इथं मोहाचं झाड, इथं दगडाची ताल, इथं आम्ही बांध घातला. मोजून 27 गुंठे निघाले. 40 गुंठ्यांचा एकर, म्हणजे अर्ध्या एकराच्या वर जमीन एका "तू गप" मध्ये जात होती. घरधनी काय बोलला नाय. पण दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ आला आणि म्हणाला, "आमच्या मोजणीला पण बाया या."

आम्हाला मान मिळायला लागला तो तिथून. आवाज वाढवून नाय आणि खाली बघून पण नाय. जमिनीची माहिती आमच्याकडं होती, ती आम्ही बोललो.

पुराव्याचं पण तसंच. कब्जा 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा दाखवायचा. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब लिहून घेता येतो, तो पुरावा धरतात. सगळीकडं म्हातारे बाबाच बोलावले जात होते. बाबांना विचारलं, कधीपासून कसतो? "लय वर्षं झाली." आता "लय वर्षं" कागदावर कसं लिहायचं? आम्ही सुईण आजीला बोलावलं. ती म्हणाली, "याची मोठी पोर झाली त्या पावसाळ्यात हा बांध फुटला होता, मी बाळंतिणीला शेकायला लाकडं तिथूनच आणली." मोठ्या पोरीचा शाळेचा दाखला काढला, जन्माचं साल सापडलं. आजीला साल येत नाय, पण कुठलं पोर कुठल्या पावसात झालं ते सगळं येतं. बारा दाव्यांना तिचा जबाब लावला. जबाब वाचून एक साहेब हसले म्हणे. हसू दे. कायद्यात म्हाताऱ्या माणसाचा जबाब म्हटलंय, तिथं मिशी पाहिजे असं लिहिलेलं नाय.

आता बाईपणाचं. आम्ही विचार केला, हे बाईपण म्हणतात ते कुणाच्या घरचं? आमच्या आज्या गुडघ्यापर्यंत लुगडं नेसायच्या, काष्टा मारायच्या, मोळी घेऊन बाजाराला जायच्या, भाव ठरवायच्या, ताडी प्यायच्या, तारप्यावर नाचायच्या. पायघोळ साडी आणि डोक्यावर पदर हे आमच्या पाड्यात कधी आलं? शेठच्या घरून आलं, आश्रमशाळेतून आलं, आता टीव्हीतून येतं. उतारावर मोजणी करायची तर आजीचं लुगडंच बरं. आमच्यातली तरुण पोर पंजाबी ड्रेस घालते, तिला कुणी काय म्हणू नये, तिला त्यात चढता येतं.

आणि धवलेरी बघा. वारल्यांचं लग्न कोण लावतं? धवलेरी लावते, बाई. ती गाणं म्हणेपर्यंत पाटील असो की सरपंच, सगळे बसून राहतात. तिला कुणी विचारलं का, बाय, तुझं बाईपण कमी झालं का? मान तिच्या कामाला आहे.

पण आमचं सगळं चांगलं आणि बाहेरचं सगळं वाईट असं म्हणायला आम्ही इथं उभ्या नाय. लग्नाचा चौक कोण लिहीत होतं? सवासिनी. कुडावर तांदळाच्या पिठानं, पालघट देवीचा. तीच चित्रं कागदावर गेली, मुंबईला गेली, त्याला पैसे आले, आणि लिहिणारे जास्त करून पुरुष झाले. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना सरकारनं 2011 साली पद्मश्री दिली, त्याचा आम्हाला आनंदच आहे, वारल्याचं नाव मोठं झालं. पण इतक्या पिढ्या ज्या आज्यांनी कूड लिहिला त्यांचं एकीचं तरी नाव कुणाला येतं का? कुडावर होतं तोवर बाईचं, कागदावर आलं की पुरुषाचं. आम्हाला भीती ही की जमिनीचं पण असंच होईल. राब करायचा तोवर जमीन आमची, पट्टा आला की त्याची.

म्हणून कलम 4, पोटकलम 4 सगळ्यांनी पाठ करा. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं. एकटी बाई घर चालवते, तर तिच्या एकटीच्या नावानं. अर्जातच दावेदाराच्या खाली जोडीदाराचं नाव लिहायची जागा आहे. आम्ही अर्ज तपासले तर कितीतरी अर्जात ती जागा कोरी. विचारलं तर म्हणतात, "बायको उद्या निघून गेली तर?" अरे, नवरा निघून गेला तर? आणि पट्टा विकता येत नाय, कुणाला देता येत नाय, तो वारसाला जातो. मग भीती कसली?

एक अडचण खरी आहे. आपल्यात खर्चामुळं कितीतरी जोड्यांचं लग्न लागलेलं नसतं, पोरं मोठी होतात आणि मग लग्न लागतं. कारकून विचारतो, लग्नाचा पुरावा काय? आमच्या ग्रामसभेनं ठराव केला की जी दोघं एका चुलीवर जेवतात आणि एक जमीन कसतात ती नवरा-बायको. तुम्ही पण करा. सभेला बाया जमवा, कारण आता नियम आहे की हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया नसतील तर ग्रामसभेचा कोरमच होत नाय. आमच्याकडं एक सभा त्यामुळं पुढं ढकलली. पुरुष चिडले. पुढच्या सभेला प्रत्येकानं घरची बाई आणली, आणि दुपारची वेळ ठेवली, रात्रीची नाय.

आता जड गोष्ट. गावाचं नाव सांगत नाय.

एक विधवा बाई. जमीन एक एकर आणि थोडी. नवरा गेल्यावर तीच कसते. दिरानं आपल्या नावावर दावा टाकला. आम्ही तिला म्हटलं, तुझा दावा वेगळा टाक. तिनं टाकला. महिन्याभरात शेजारच्या घरात एक पोर तापानं आजारी पडलं. भगताकडं गेले. आणि पाड्यात कुजबूज सुरू झाली की ही भुताळी आहे. जमिनीच्या आधी ती भुताळी नव्हती, दहा वर्षं तिच्या हातचं पाणी सगळे पीत होते.

पोराला आम्ही दवाखान्यात नेलं, पोर बरं झालं. पण कुजबूज थांबली नाय. काहींचं म्हणणं, मोर्चा न्या, दिराला बघून घ्या. आम्ही रात्री तिच्या ओटीवर जाऊन बसलो, अकरा बाया. भात कांडला, गाणी म्हटली, तिथंच झोपलो. तीन रात्री. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघितलं की ही एकटी नाय. चौथ्या दिवशी तिला पुढं घालून जमीन मोजली. दीर बांधावर उभा होता, काही बोलला नाय. ग्रामसभेनं तिचा दावा मान्य केला आणि पुढं पाठवला. तो अजून उपविभागीय समितीकडं पडून आहे. बाई अजून रात्री बहिणीच्या घरी झोपते. हे असं आहे. गोष्ट संपली असं आम्ही सांगणार नाय.

अजून एक, आणि हे संघटनेच्या पुरुष साथींना आहे. गोदूताई परुळेकर आल्या होत्या, 1945 च्या काळात, कायदा शिकलेल्या, आमच्या आज्या-पणज्या त्यांच्या सभेला चालत गेल्या. तेव्हापासून शहरातून झोळी घेऊन ताई आली की तुम्ही उठून उभे राहता. चांगलं आहे, उभे राहा. पण तीच गोष्ट तुमची वहिनी बोलली, तुमची सून बोलली, तर कान तिकडं का जात नाय? बाहेरच्या बाईला मान देणं सोपं आहे, तिला रात्री भाकरी मागायची नसते.

आणि आमच्यातली ती तरुण पोर एका कार्यकर्त्याच्या मोटारसायकलवर तालुक्याला गेली, अर्ज द्यायला. गावात बोलणं झालं. संघटनेनं कुणाला समजावलं? पोरीला. "जरा सांभाळून." त्याला कुणी काय बोललं नाय. मग ठरलं की बाईनं बाहेर जाताना दोघी मिळून जायचं. आम्ही ते पाळतो, कारण पोरीला घरून सोडत नाहीत. पण आम्हाला ते पटलेलं नाय, आणि ते इथं सगळ्यांसमोर सांगून ठेवतो.

ऑफिसात काय होतं ते पण बघा. कागद आमच्या हातात, प्रश्न आम्ही विचारतो, आणि साहेब उत्तर देतात आमच्या मागं उभ्या असलेल्या दादाला. आता दादाला आम्ही शिकवलंय. तो म्हणतो, "साहेब, मला नाय माहीत, कागद बायांकडं आहे." मग साहेबांना आमच्याकडं बघावंच लागतं. दादा, तुम्हाला एवढंच करायचं आहे, आणि घरी पोर रडलं तर उचलायचं आहे.

येत्या मंगळवारी वरच्या पाड्यावर मोजणी आहे. टेप आणि रजिस्टर आम्ही आणतो. ज्यांचे वरचे तुकडे राहिलेत त्यांनी घरधनिणीला सोबत आणा, सुईण आजीला डोलीतून आणायला चार जण लागतील, त्यांची नावं आत्ताच द्या.

जिंदाबाद!