कोकणात मुक्काम कुठे टाकावा?

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कोकणच्या सहलीविषयी दहा मिनिटं बोला, असा निरोप आला तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कारण कोकणात आम्ही दोनदा गेलो आणि त्यातली पहिली सहल फसली. लोक जमलेल्या सहलीचे फोटो दाखवतात. आम्ही आज आधी फसलेली सांगणार आहोत, कारण शिकलो ते तिथेच.

पहिल्या वेळी आई-बाबा बरोबर होते. पाच दिवसांची रजा, मुंबईपर्यंत रेल्वे आणि पुढे भाड्याची गाडी. बऱ्हाणपूरहून मुंबईच सुमारे ५०० किलोमीटर. एवढ्या लांब जायचं तर सगळंच पाहून घेऊ, असं आम्ही ठरवलं. पहिली रात्र अलिबाग, दुसरी हर्णै, तिसरी गणपतीपुळे, चौथी मालवण. कागदावर फार सुंदर दिसत होतं.

आपण तापीकाठची माणसं. आपल्याला नदी कळते, खाडी कळत नाही. नकाशावर दाभोळ आणि पलीकडचं धोपावे बोटभर अंतरावर दिसतात, पण मध्ये वाशिष्ठीची खाडी आहे. गुहागरकडून गणपतीपुळ्याला निघालात की तवसाळ आणि जयगडच्या मध्ये शास्त्रीची खाडी येते. किनाऱ्याला समांतर सरळ रस्ता असेल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात जेट्टीवर जाऊन फेरीबोटीची वाट पाहायची, गाडी बोटीत चढवायची, नाहीतर आत वळून मोठा वळसा घालायचा. बोटीचा प्रवास मजेचा आहे, पण तो दिवसाच्या हिशेबात धरावा लागतो. आम्ही धरला नव्हता. त्यात सकाळी बॅगा भरण्यात उशीर व्हायचा. गणपतीपुळ्याला पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. समुद्राचा फक्त आवाज येत होता.

बाबांचे गुडघे दुखत. गाडीत चढणं, उतरणं, नवी खोली, नवा जिना, रोज तेच. तक्रार त्यांनी एकदाही केली नाही. घरी आल्यावर शेजारच्या काकांनी विचारलं, "काय, कसा वाटला समुद्र?" बाबा म्हणाले, "छान आहे. गाडीच्या काचेतून बराच दिसला."

ते हसत म्हणाले होते. पुढच्या चैत्रात बाबा गेले, आणि ते वाक्य आमच्या घरात राहिलं.

दोन वर्षांनी आईला म्हटलं, पुन्हा जाऊ या. ती आधी नाहीच म्हणाली. मग म्हणाली, "येते, पण मला फिरवू नका. बसवा."

मंडळी, मुक्कामाचं गाव कसं निवडावं याचं सगळं शास्त्र आम्हाला या तीन शब्दांत सापडलं. गाव एकच घ्यायचं आणि चारही रात्री तिथेच राहायचं, हे त्या दिवशी ठरलं. प्रश्न उरला, कोणतं?

आमचा पुतण्या इटलीला जाऊन आला होता. तिथे समुद्राच्या कड्यावर चिंक्वे तेर्रे नावाची पाच गावं आहेत, रंगीत घरांची, कॅलेंडरवर असतात तशी. आम्ही विचारलं, त्यातल्या कुठल्या गावात राहिलास? तो म्हणाला, एकाही नाही. शेजारच्या ला स्पेझिया शहरात खोली घेतली. रोज लोकल गाडीने थोड्याच वेळात हव्या त्या गावात जायचं आणि जेवायला परत. त्या गावांत चढ फार, पायऱ्या फार, सामान ओढत कोण नेणार? सगळ्यांत देखणं गाव मुक्कामाला सोयीचं असेलच असं नाही, एवढं त्याच्याकडून घेतलं.

मग वही काढली आणि एकेक गाव तपासलं. अलिबाग मुंबईकरांना जवळ, पण शनिवार-रविवारी गर्दी फार. दापोली हवेला उत्तम, पण गाव डोंगरावर आणि समुद्र खाली; रोज गाडी काढल्याशिवाय लाट दिसत नाही. गुहागरचा किनारा शांत आणि लांबच लांब, पण रेल्वेने चिपळूणला उतरून पुढे बराच रस्ता. मालवणचा मोह फार होता. सिंधुदुर्ग आहे, तारकर्ली आहे. पण किल्ल्यावर जायचं तर होडीत चढ-उतार, आणि आपल्याकडून ते सगळ्यांत लांब. तरुण मंडळींनी मात्र खुशाल मालवण धरावं. गणपतीपुळ्याला देऊळ आणि समुद्र अगदी शेजारी, पण आईचं वय पाहता डॉक्टर, औषधाचं दुकान आणि रिक्षा हाताशी असलेलं गाव हवं होतं.

म्हणून रत्नागिरी. पहिलं कारण रेल्वे. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली आणि आपल्यासारख्या आतल्या भागातल्या लोकांना कोकण जवळ आलं. दिल्लीकडून येणारी मंगला एक्स्प्रेस भुसावळ, मनमाड, कल्याण करत कोकणात उतरते. भुसावळ म्हणजे आपलं अंगणच. रात्री तिथे बसलो ते गाडी न बदलता दुसऱ्या दिवशी थेट रत्नागिरी. मुंबईत सामान घेऊन स्टेशन बदलायचं संकट टळलं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, ते पाहून घ्यावं. आमच्या मते दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला.

दुसरं कारण मांडवी. रत्नागिरी शहरातच मांडवीचा किनारा आहे, काळसर वाळूचा. फोटोत फार देखणा येत नाही. पण आमच्या उतरायच्या जागेपासून आईला तिच्या चालीने तिथे जाता येत होतं, आणि बसायला कठडा होता.

दिवस असे लावले. सकाळी एकच ठिकाण, दुपारच्या जेवणाला परत, संध्याकाळ मांडवीची. एक दिवस आरे-वारेच्या समुद्राकाठच्या रस्त्याने गणपतीपुळे, सुमारे २५ किलोमीटर. तिथून जवळच मालगुंडला केशवसुतांचं स्मारक. एक दिवस भाट्याच्या पुलावरून पावसला, स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीला. आणि एक दिवस शहरातच. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान पाहिलं. ज्यांनी १८९३ पासून गणपती चौकात आणला, त्यांचं घर पाहताना आपल्या मंडळाची आठवण न येती तरच नवल.

मग थिबा राजवाडा. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून इकडे आणलं. १९१० मध्ये हा राजवाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याची कबरही रत्नागिरीतच आहे. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुमताजला आपल्या जैनाबादहून आग्र्याला नेलं. याला न्यायला कोणीच आलं नाही?" आम्हाला उत्तर देता आलं नाही.

पहिल्या सहलीत असा प्रश्न कोणाला पडलाच नसता. पुढच्या गावाची घाई असती. आपल्याकडे पाहुणे ओंकारेश्वरला जाता जाता दोन तास उतरतात. शाही किल्ला, कुंडी भंडारा, राजघाट, जिलेबी, झालं बऱ्हाणपूर! तेव्हा आपल्याला किती राग येतो. मग आपणही दुसऱ्याच्या गावाला तसंच का करावं?

खोलीच्या मालकीणबाईंना आम्ही इथून दराबा नेला होता. त्यांनी विचारलं, "तुम्ही मध्य प्रदेशचे, मग घरात मराठी कशी?" आई म्हणाली, "कशी म्हणजे? पिढ्यान् पिढ्या आहे." दुसऱ्या दिवसापासून ताटात सोलकढी न मागता येऊ लागली. एका रात्रीच्या मुक्कामात एवढी ओळख होत नाही.

शेवटच्या संध्याकाळी मांडवीला आईने विचारलं, "तापी इथेच येते का रे?" म्हटलं, नाही, ती वर सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. ती थोडा वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पाणी एकच." आणि पुढे, "ह्यांना इथे बसायला आवडलं असतं."

त्या संध्याकाळी आम्ही अंधार पडेपर्यंत उठलो नाही.

तेव्हा मंडळी, कोकणात जाल तेव्हा रत्नागिरीच धरा असं आमचं म्हणणं नाही. तुमच्या घरातली माणसं वेगळी, गाव वेगळं निघेल. पण खोली ठरवण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: आपल्यातलं सगळ्यांत थकलेलं माणूस इथून स्वतःच्या पायांनी समुद्रापर्यंत जाऊ शकेल का? उत्तर हो असेल तर ते गाव तुमचं. बाकीची ठिकाणं राहिली तर राहू द्या, ती कुठे जात नाहीत. माणसं जातात.

गणपती बाप्पा मोरया!